दाराचे पैसे

अर्जात रकाना होता यंत्राच्या किमतीला,
हातमोज्यांना, चष्म्याला, बुटांना.
दाराला नव्हता.

रासईचं यार्ड, झुआरीचा काठ.
दोनशे पुरुष आणि आम्ही तिघी.
त्यांना नदी पुरायची.
मागे चार पत्रे उभे होते, आत खड्डा,
आणि दाराच्या जागी गोणपाट.
गोणपाट वाऱ्याला कधीच नाही म्हणायचं नाही.

म्हणून सकाळी सातपासून पाणी बंद.
लोखंड तापलेलं, चामड्याचा एप्रन,
जीभ टाळ्याला चिकटलेली.
मार्चमध्ये पिएदादला उन्हाळी लागली,
चार दिवसांचा भत्ता बुडाला.

पर्वरीहून बाई आल्या फाईल घेऊन.
चांगल्या होत्या. यंत्राचे अर्धे पैसे अनुदान,
अर्धे कर्ज, हप्ता सहा महिन्यांनी सुरू.
"अजून काही?"
"इतर"समोर मी लिहिलं: दार.
"दार म्हणजे?"
"बाई, दार म्हणजे आतून कडी."
त्यांनी पेन ठेवलं, मग पुन्हा उचललं.
महिन्याने कागद परत आला, लाल शाईत:
बांधकाम या योजनेत बसत नाही.

इनासियो मिस्त्री बोलायचा कमी.
"ठिणग्यांकडे बघू नको, त्या जत्रेतल्या.
वितळल्या लोखंडाची तळी बघ,
मटाराएवढी. ती नेईल तिथं जा.
आणि कान दे. बरोबर चाललं तर
रवा लावलेला बांगडा तव्यावर पडल्यासारखं वाजतं.
तुम्हा बायकांना हे शिकवायला नको."
पिएदाद काच वर करून म्हणाली,
"माझ्या घरी तो तळतो. मी खाते."
मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

हातमोजे पुरुषांच्या मापाचे,
बोटांच्या टोकांत आम्ही चिंध्या कोंबल्या.
हेल्मेट डोक्यावरून घसरायचं, आत ओढणीची गुंडाळी.
मंगळसूत्र डब्याच्या वरच्या खणात,
लोणच्याशेजारी.
सासूला अजून कोणी सांगितलेलं नाही,
आणि तिनंही विचारलेलं नाही.

मे महिन्यात एक जुनी बार्ज तोडायला काढली.
खाणी बंद पडल्यापासून ती नुसती उभी होती,
पोटाशी शिंपले घेऊन.
तिचा एक पत्रा मागितला.
पात्रांवानं भंगाराचा भाव लावला,
किलोला अठ्ठावीस, तिघींच्या भत्त्यातून.
फुकट दिला असता तर
दार त्याचं झालं असतं.

पाच वाजल्यानंतर, तीन संध्याकाळी.
माझा पहिला जोड म्हणजे गोवऱ्या थापलेल्या.
द्रौपदीने ग्राइंडरनं सगळा खरवडला,
शब्द न बोलता. मी परत घातला.
परत खरवडला.
तिसऱ्यांदा तव्याचा तो आवाज आला,
आणि मी श्वास घ्यायला विसरले.

दार नीट बसलं नाही.
खाली दोन बोटं फट आहे,
उघडताना म्हशीसारखं ओरडतं.
बार्जच्या नावाची तीन अक्षरं आतल्या बाजूला
उलटी आली आहेत, बसल्यावर वाचता येतात.
कडी मी केली.
पिएदाद आधी गेली, घागरभर पाणी पिऊन,
आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.
आम्ही हाक मारली नाही.

आता यंत्र माझ्या घरी, काजूच्या झाडाखाली,
ताडपत्रीने झाकलेलं. हप्ते अकरा गेले, पंचवीस राहिले.
गेट घेऊन लोक येतात, विचारतात,
"मिस्त्री खंय गे?"
मी काच खाली ओढते.
कोणी थांबतात. कोणी सावर्ड्याला जातात.

पावसाआधी नव्या मुली येणार आहेत, सात.
बाईंचा फोन होता: "अर्ज भरायला मदत कराल?"
केली. रकाने तेच.
फक्त यंत्राच्या किमतीत मी
एकशे वीस किलो पत्रा मिळवला,
दोन बिजागऱ्या, एक कडी,
आणि सगळ्याला नाव दिलं: सराव साहित्य.

मंजूर झालं.
शाई निळी होती.